अर्धांगवायूनंतर ताठरणारे स्नायू आणि त्यांचे मोजमाप

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिले काही दिवस बाधित बाजूचा हात-पाय बहुधा लुळा असतो. उचलून सोडला की खाली पडतो, दंडाचे स्नायू चाचपले तर मऊ लागतात. पुढच्या काही आठवड्यांत अनेकांच्या बाबतीत हे बदलू लागते. कोपर सरळ करताना मध्येच अडते, बोटे तळहाताकडे वळतात, सदऱ्याच्या बाहीत हात घालायला दुसरे माणूस लागते, उभे राहिल्यावर टाच जमिनीला टेकत नाही. या ताठरपणाला वैद्यकात स्पॅस्टिसिटी म्हणतात. झटक्यातून वाचलेल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तो पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतो. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण कमी-जास्त आढळते. ज्यांचा हात जवळजवळ पूर्ण निकामी झाला आहे आणि ज्यांची त्या बाजूची स्पर्शाची जाणीवही गेली आहे, त्यांच्यात त्याची शक्यता अधिक असते.

हा ताठरपणा एका जागी स्थिर राहत नाही. तो दिवसाच्या वेळेनुसार, बसण्या-झोपण्याच्या स्थितीनुसार, थंडीने, दुखण्याने, एवढेच काय जांभई दिल्यानेही कमी-जास्त होतो. दोन महिन्यांतून एकदा दवाखान्यात दहा मिनिटे तपासून त्याचा पुरता अंदाज येणे अवघड असते. शिवाय हाताला जाणवणारा कडकपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो आणि त्या दोहोंचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून ताठरपणावर सातत्याने, एकाच रीतीने आणि कारणे वेगळी करून लक्ष ठेवणे हा पुनर्वसनाचा कणा आहे. प्रत्यक्षात मात्र या कामाकडे उपचारांच्या मानाने फार कमी लक्ष दिले जाते.

पहिले कारण चेतासंस्थेतले आहे. प्रत्येक स्नायूच्या आत त्याची लांबी आणि ताणला जाण्याचा वेग टिपणाऱ्या सूक्ष्म संवेदक रचना असतात. स्नायू झटकन ताणला गेला की त्या मज्जारज्जूला संदेश धाडतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारता त्याच स्नायूला आकुंचनाची आज्ञा देतो. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यामुळेच. चार्ल्स शेरिंग्टन आणि एडवर्ड लिडेल या इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये या ताण-प्रतिक्षिप्त क्रियेचे सविस्तर वर्णन केले. निरोगी माणसात मेंदू तिला सतत लगाम घालत असतो. मेंदूच्या बाह्यस्तरातून निघालेले तंतू मेंदूच्या देठातल्या जालाकार भागातील काही केंद्रांना कामाला लावतात आणि ती केंद्रे मज्जारज्जूतली उत्तेजना दाबून धरतात.

झटक्यात हे वरून येणारे तंतू तुटले की दाबून धरणारा मार्ग दुबळा पडतो. देठातूनच निघणारा, उत्तेजना वाढवणारा दुसरा मार्ग मात्र शाबूत असतो आणि त्याला अडवायला कोणी उरत नाही. मज्जारज्जूतल्या चेतापेशीही हळूहळू अधिक उतावीळ होतात. हे बदल घडायला वेळ लागतो, म्हणूनच लुळेपणा आधी आणि ताठरपणा नंतर असा क्रम दिसतो. ऑस्ट्रेलियातले चेतातज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये दिलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. तिचा गाभा एका गोष्टीत आहे : हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. तोच हात सावकाश सरळ केला तर फारसा विरोध होत नाही, झटकन केला तर ठरावीक कोनात तो पकडल्यासारखा थांबतो. कधी कधी जोर लावत राहिल्यावर खटक्याचा चाकू उघडावा तसा तो एकाएकी ढिला पडतो. पार्किन्सन आजारातल्या कडकपणाचे तसे नसते. तिथे वेग कोणताही असला तरी विरोध सारखाच राहतो.

दुसरे कारण खुद्द स्नायूच्या मांसात असते. हात दिवसेंदिवस वाकलेलाच राहिला तर स्नायू त्या आखूड लांबीशी जुळवून घेतो. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये मांजरांवर झालेल्या एका प्रयोगात पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला होता. काही आठवड्यांत त्याच्या तंतूंमधली एकापुढे एक जोडलेली आकुंचनाची एकके सुमारे ४० टक्क्यांनी घटली. प्लास्टर काढल्यावर ती पुन्हा भरून आली, ही त्या प्रयोगातली दिलासा देणारी बाजू. न हलणाऱ्या स्नायूभोवतीची संयोजी ऊतीही जाड आणि चिवट होते, सांध्याचे आवरण आक्रसते. हा बदल प्रतिक्षिप्त क्रियेमुळे झालेला नसतो, त्यामुळे हात कितीही सावकाश ओढला तरी तो ठरावीक कोनापुढे जात नाही. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात.

दोन्ही कारणे एकमेकांना खतपाणी घालतात. प्रतिक्षिप्त ताठरपणामुळे सांधा वाकलेला राहतो, वाकलेला राहिल्याने स्नायू आखूड होतो आणि आखूड झालेला स्नायू थोड्याशा हालचालीनेही जास्त ताणला जाऊन संवेदकांना चेतवतो. सिडनीच्या संशोधकांनी १९९६ मध्ये अर्धांगवायूच्या रुग्णांच्या कोपराचा अभ्यास केला. हाताला जाणवणारा विरोध त्यांना प्रतिक्षिप्त उत्तेजनेपेक्षा स्नायू आखूड होण्याशी अधिक निगडित आढळला. म्हणजे दवाखान्यात ज्याला सरसकट स्पॅस्टिसिटी म्हटले जाते, त्यातला बराच भाग कित्येकदा वापर थांबल्यामुळे स्नायूत झालेला बदल असतो. चेतासंस्थेवर काम करणारे औषध या दुसऱ्या भागाला हातही लावू शकत नाही. दोन्हींची फारकत केल्याशिवाय औषधाचा डोस वाढवत नेला तर रुग्णाच्या वाट्याला फक्त गुंगी येते.

ताठरपणाचा साचा बहुतेक रुग्णांत ओळखीचा असतो. खांदा अंगाशी चिकटून आत वळलेला, कोपर दुमडलेले, तळहात जमिनीकडे, मनगट खाली झुकलेले, मूठ आवळलेली आणि अंगठा मुठीच्या आत. पायाचे उलट असते. गुडघा ताठ सरळ राहतो, घोटा खाली आणि आत वळतो, त्यामुळे चालताना पाय बाजूने गोल फिरवून पुढे टाकावा लागतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या फिजिओथेरपिस्ट सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी बरे होण्याच्या पायऱ्या मांडल्या. लुळेपणा, मग वाढत जाणारा ताठरपणा, मग तो ओसरत स्वतंत्र हालचाली परत येणे, असा तो क्रम आहे. आजही महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी विभागांत रुग्णाच्या कागदावर त्या पायरीचा आकडा लिहिलेला असतो. सगळेच रुग्ण शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचत नाहीत. कित्येक जण मधल्या, सर्वांत ताठर टप्प्यावर अडकतात आणि लक्ष ठेवण्याची खरी निकड त्यांच्याच बाबतीत असते.

मोजमापाची सर्वांत प्रचलित पट्टी ब्रिटिश डॉक्टर ब्रायन ॲशवर्थ यांची. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर एका औषधाची चाचणी घेताना त्यांनी १९६४ मध्ये शून्य ते चार अशी साधी श्रेणी वापरली. १९८७ मध्ये अमेरिकेतले रिचर्ड बोहॅनन आणि मेलिसा स्मिथ यांनी तिच्यात एक आणि दोन यांच्या मध्ये ‘एक अधिक’ ही पायरी घातली. ही सुधारित ॲशवर्थ श्रेणी आज जगभर वापरली जाते. रुग्णाला उताणे झोपवून, अंग सैल सोडायला सांगून, तपासणारा सांधा साधारण एका सेकंदात पूर्ण वाकलेल्या स्थितीतून सरळ करतो. विरोध वाढलेला नसेल तर शून्य. किंचित अडकून सुटत असेल किंवा शेवटाला थोडा विरोध असेल तर एक. अडकल्यानंतर उरलेल्या, पण निम्म्याहून कमी हालचालीत थोडा विरोध राहिला तर एक अधिक. बहुतेक हालचालभर स्पष्ट विरोध, तरी सांधा सहज हलतो, तर दोन. हलवणेच कठीण असेल तर तीन आणि सांधा एका जागी ताठ असेल तर चार.

उपकरण लागत नाही आणि दोन मिनिटांत काम होते, हे या श्रेणीचे बळ आहे. पण तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. बोहॅनन आणि स्मिथ यांच्या मूळ अभ्यासात ३० रुग्णांच्या कोपरावर दोन तपासनीसांचे मत ८६.७ टक्के वेळा जुळले. पुढे इतर सांध्यांवर, विशेषतः घोट्यावर, झालेल्या अभ्यासांत इतकी एकवाक्यता दिसली नाही. त्याहून मोठी अडचण अशी की ही श्रेणी एकाच वेगाने घेतली जाते. वेग न बदलता तपासल्यावर जाणवणारा विरोध प्रतिक्षिप्त क्रियेचा की आखूड स्नायूचा, हे कसे कळणार? दोन रुग्णांच्या कागदावर सारखेच ‘तीन’ असेल, पण एकाला चेतासंस्थेवरच्या औषधाचा फायदा होईल आणि दुसऱ्याला होणार नाही.

ही उणीव भरून काढणारी पद्धत फ्रेंच बालरोगतज्ज्ञ ग्वी तार्द्यू यांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या मुलांसाठी १९५० च्या दशकात सुचवली. पुढे तिचे सुटसुटीत रूप प्रौढांसाठीही रुळले. यात तोच सांधा दोन वेगांनी हलवतात. एकदा शक्य तितक्या सावकाश, जेणेकरून प्रतिक्षिप्त क्रिया जागीच होऊ नये. आणि एकदा शक्य तितक्या झपाट्याने. सावकाश हलवताना सांधा जिथवर जातो तो एक कोन, झपाट्याने हलवताना जिथे पहिल्यांदा अडकतो तो दुसरा कोन. दोन्ही कोनमापकाने मोजून लिहायचे. समजा, वाकलेल्या स्थितीपासून सावकाश नेल्यावर कोपर १२० अंश उघडले, पण झपाट्याने नेल्यावर ६० अंशांवरच अडकले. मधले ६० अंश प्रतिक्षिप्त ताठरपणाचे आणि तिथे औषधाला वाव आहे. याउलट सावकाशही ते ७० अंशांवर थांबले आणि झपाट्यानेही जवळपास तिथेच अडकले, तर अडसर मांसातच आहे आणि सांधा ताणलेला धरून ठेवणारी स्प्लिंट, टप्प्याटप्प्याने बदलायचे प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया याच दिशेने विचार करावा लागतो. हातात एक कोनमापक आणि पाच मिनिटे असतील तर एवढी उपयुक्त माहिती देणारी दुसरी तपासणी क्वचितच सापडेल. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती मागे पडते, ही खेदाची गोष्ट आहे.

कोणताही स्नायू एकटा तपासता येत नाही, त्याच्या शेजारच्या सांध्याची स्थितीही नोंदवावी लागते. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. त्यांतला वरचा गुडघाही ओलांडतो, खालचा ओलांडत नाही. गुडघा सरळ ठेवून घोटा वर येत नसेल, पण गुडघा वाकवल्यावर तो मोकळेपणाने येत असेल, तर दोष वरच्या स्नायूचा. दोन्ही वेळा अडत असेल तर खालचाही आखडला आहे. बोटांचेही तसेच आहे. मनगट खाली झुकवल्यावर मूठ उघडते आणि मनगट वर उचलल्यावर पुन्हा मिटते, कारण बोटे वाकवणारे स्नायू मनगटावरून जातात. ज्याने मनगटाची स्थिती न लिहिता ‘बोटे पूर्ण उघडतात’ अशी नोंद केली, त्याची नोंद पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडत नाही. दिवसाची वेळ, औषध घेऊन झालेले तास, रुग्ण झोपलेला की बसलेला, खोली थंड की उबदार, हे सारे दर वेळी सारखे ठेवावे लागते, निदान लिहून तरी ठेवावे लागते.

घोट्याची आणखी एक खूण नोंदवतात. पाऊल झटक्यात वर ढकलून तसेच धरले तर ते सेकंदाला साधारण ५ ते ८ वेळा थडथडू लागते. याला क्लोनस म्हणतात. ते किती ठोके टिकते, की थांबतच नाही, यावरून प्रतिक्षिप्त क्रिया किती भडकली आहे याची कल्पना येते. रात्री पायात उठणाऱ्या पेटक्यांची संख्याही लिहून ठेवतात. त्यासाठी दिवसातून किंवा तासातून किती वेळा असे विचारणारी वेगळी श्रेणी आहे.

तपासणाऱ्याच्या हाताच्या अंदाजावर विसंबून राहायचे नसेल तर यंत्रांकडे वळावे लागते. सर्वांत जुनी आणि साधी युक्ती रॉबर्ट वार्टेनबर्ग यांची, १९५१ ची. रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून पाय सरळ उचलायचा आणि सोडून द्यायचा. निरोगी पाय अनेक झोके घेऊन थांबतो, ताठर पाय पहिल्याच झोक्यात अडखळतो आणि झोके कमी पडतात. गुडघ्यावर कोन टिपणारा संवेदक बांधला की हे झोके आलेखावर उतरतात आणि पुढच्या महिन्याच्या आलेखाशी ताडून पाहता येतात. आजच्या मोबाइल फोनमध्ये असतात तशाच हालचाल टिपणाऱ्या चिप्समुळे ही चाचणी आता मोठ्या प्रयोगशाळेशिवायही करता येते.

प्रतिक्षिप्त भाग आणि मांसाचा भाग वेगळे करणारी यंत्रेही तयार झाली आहेत. स्वीडनमध्ये विकसित झालेले न्यूरोफ्लेक्सर हे त्यांतले एक. रुग्णाचा हात यंत्रात ठेवतात आणि मोटर मनगट हलवते. एकदा सेकंदाला अवघे ५ अंश, एकदा सेकंदाला २३६ अंश. दोन्ही वेळचा विरोध मोजून त्यातला स्नायूच्या लवचीकतेचा, त्याच्या चिकट घर्षणाचा आणि चेतासंस्थेचा वाटा गणिताने वेगळा काढतात. तार्द्यूंची कल्पना इथे माणसाच्या हाताऐवजी मोटरच्या अचूकतेने राबवली जाते. अशी यंत्रे महाग असतात आणि बहुतेक संशोधनकेंद्रांतच आढळतात.

त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडने स्नायूतली विद्युत-हालचाल टिपणे ही दुसरी वाट. सांधा सावकाश हलवताना ही नोंद शांत असेल आणि तरीही विरोध होत असेल तर कारण मांसात आहे. झपाट्याने हलवताच नोंदीत उसळी आली तर कारण चेतासंस्थेत. रुग्णाने अंग सैल सोडले आहे असे वाटत असताना तो नकळत स्नायू आवळत असतो, तेही इथे उघडे पडते. एस्टोनियात विकसित झालेले मायोटन हे हातात मावणारे उपकरण स्नायूवर क्षणभर हलका ठोका देते आणि त्यानंतरच्या कंपनांवरून त्याचा कडकपणा सांगते. सोनोग्राफीची एक नवी पद्धत ऊतीतून जाणाऱ्या आडव्या लहरींचा वेग मोजते. ऊती जितकी कडक तितकी लहर वेगवान. या दोन्ही साधनांनी मुख्यतः मांसाचा कडकपणा कळतो, प्रतिक्षिप्त क्रियेचा नाही. म्हणून एखाद्या उपकरणाचा आकडा पाहताना तो नेमका कशाचा आहे, हे आधी समजून घ्यावे लागते. दिवसभर अंगावर बांधून ठेवायचे छोटे संवेदक हा अलीकडचा प्रयत्न आहे. दवाखान्याबाहेर, घरात वावरताना ताठरपणा कसा बदलतो हे टिपण्याची शक्यता त्यात आहे.

मोजमाप सर्वांत जास्त उपयोगी पडते ते उपचारांच्या काळात. बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन हे त्याचे चांगले उदाहरण आहे. ते चेतातंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा रासायनिक संदेश अडवते. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण चार ते सहा आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. त्यामुळे इंजेक्शनआधी एकदा, सर्वाधिक परिणामाच्या सुमारास एकदा आणि पुढचे इंजेक्शन देण्याआधी एकदा, असे किमान तीन वेळा त्याच पद्धतीने कोन मोजले तरच फायदा झाला की नाही हे सांगता येते. केवळ बाराव्या आठवड्यात रुग्णाला पाहिले तर ‘पूर्वीसारखेच आहे’ असे वाटून एक उपयुक्त उपचार बंद होऊ शकतो. मधल्या आठवड्यांतला ढिलेपणा ही व्यायामाची आणि स्प्लिंटची खरी संधी असते. ती साधली नाही तर महागडे इंजेक्शन वाया जाते.

गोळ्यांच्या बाबतीत उलट्या बाजूवरही नजर ठेवावी लागते. बॅक्लोफेन मज्जारज्जूतली उत्तेजना कमी करते, पण झोप, अशक्तपणा आणि तोल जाणे हेही घेऊन येते. टिझानिडिनने रक्तदाब उतरू शकतो, त्यात यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ताठरपणाची श्रेणी एका पायरीने उतरली आणि रुग्ण दिवसभर पेंगू लागला, तर नोंदवहीत दोन्ही गोष्टी असायला हव्यात. बॅक्लोफेन अचानक बंद करू नये. तसे केल्यास ताठरपणा उसळतो, अपस्मारासारखे झटके येऊ शकतात किंवा भ्रमही होऊ शकतो. पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात थेट औषध सोडणारा पंप बसवलेला असेल तर ही जोखीम आणखी गंभीर असते, म्हणून पंप वेळेवर भरण्याच्या तारखा घरच्यांनी पाठ करून ठेवाव्यात इतक्या महत्त्वाच्या असतात.

ताठरपणा कमी करणे हेच सर्वस्व मानणेही चुकीचे ठरते. पायाची ताकद गेलेल्या काही रुग्णांना गुडघ्याच्या ताठपणाचाच आधार असतो. तो औषधाने घालवला तर गुडघा दुमडतो आणि उभे राहणेच संपते. ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बोट्युलिनमने हाताचा कडकपणा कमी झाला आणि बाहीत हात घालणे, तळहात धुणे अशी कामे सोपी झाली. पण वस्तू पकडण्या-उचलण्याच्या कौशल्यात ठळक फरक पडला नाही. कडकपणामागे ताकदीचा अभाव असतोच आणि तो इंजेक्शनने भरून येत नाही. उपचाराआधीच हे स्पष्ट बोलून घेतले तर रुग्ण आणि घरचे लोक भलत्या आशेवर राहत नाहीत.

त्यामुळे मोजमापात कोनांच्या जोडीला रोजच्या जगण्यातल्या गोष्टीही यायला हव्यात. २००२ मध्ये अमेरिकेत १२६ रुग्णांवर झालेल्या बोट्युलिनमच्या चाचणीत स्वच्छता, कपडे घालणे, हाताची ठेवण आणि वेदना हे चार विषय ठेवून रुग्णाला त्यातला एक मुख्य म्हणून निवडायला सांगितले होते. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्यसेवेसाठी मांडलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणीही आता इथे वापरतात. रुग्णाबरोबर बसून उद्दिष्ट ठरवायचे आणि ते कितपत साधले याला उणे दोन ते अधिक दोन असा आकडा द्यायचा. मराठी घरातली उद्दिष्टे अर्थातच इथल्या जगण्यातून निघतात : मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून शौच करणे, निऱ्या खोचणे, देवापुढे दोन्ही हात जोडणे, डाव्या बाधित हाताने भाकरी दाबून धरून उजव्याने मोडणे. उकिडवे बसायला घोटा बराच वर यावा लागतो. पोटरी थोडी जरी आखडली तरी ते जमत नाही आणि घरातल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात कमोडची खुर्ची आणावी लागते. परदेशी प्रश्नावलीत याचा मागमूस नसतो, पण इथल्या फिजिओथेरपिस्टने तो प्रश्न विचारायलाच हवा.

ताणाचे व्यायाम सगळीकडे सांगितले जातात आणि घरातली माणसे ते निष्ठेने करवून घेतात. अनेक चाचण्या एकत्र पाहून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, काही आठवडे ते काही महिने नुसते ताण देण्याने सांध्याची हालचाल लक्षणीय वाढत नाही, असे आढळले. याचा अर्थ हात बांधून ठेवावा असा नाही. सांधे हलते ठेवणे, तळहात स्वच्छ ठेवता येणे, अंग दुखू न देणे यांना स्वतःची किंमत आहे. पण ताणाच्या जोडीला उभे राहणे, चालणे, हाताने प्रत्यक्ष काम करण्याचा सराव यांवर अधिक वेळ जायला हवा. आणि घरचे जे करतात त्याचा उपयोग होतो आहे का, हे मोजूनच ठरवायला हवे.

मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे, मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. पण रुग्ण तिथे काही दिवसच राहतो. नंतरचे सगळे महिने तो चिपळूणजवळच्या एखाद्या वाडीत किंवा बीडमधल्या घरी असतो आणि त्याच्यावर नजर असते ती बायको, मुलगा किंवा सून यांची. त्यांना श्रेणीचे आकडे येण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच खुर्चीत बसवून काही साध्या गोष्टी पाहिल्या आणि वहीत लिहिल्या तरी डॉक्टरांना मोठी मदत होते. मूठ उघडायला किती वेळ लागला, तळहातात किती बोटे शिरतात, टाच टेकते का, बाही घालताना ओरड झाली का, रात्री पेटक्याने किती वेळा जाग आली. बाजूने उभे राहून फोनवर काढलेले कोपराचे किंवा घोट्याचे छायाचित्रही उपयोगी पडते. मात्र ते दर वेळी त्याच अंतरावरून आणि त्याच बाजूने काढावे. हात सावकाश उघडायचा, दुखेपर्यंत ओढायचा नाही आणि झपाट्याने हलवण्याची तपासणी फिजिओथेरपिस्टवर सोपवायची. बाधित खांद्याला तर कधीच हिसका देऊ नये, तो सहज दुखावतो.

या वहीतला सर्वांत महत्त्वाचा इशारा म्हणजे ताठरपणाची एकाएकी झालेली वाढ. महिनोन्‌महिने सारखा असलेला पाय दोन दिवसांत जास्त ताठ झाला, पेटके वाढले, तर बहुधा मेंदूत नवे काही घडलेले नसते. शरीरात कुठेतरी टोचणारे काहीतरी असते. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, माकडहाडावरची सुरू होणारी जखम, पायाच्या नखाचा मांसात शिरलेला कोपरा, घट्ट बसणारी चप्पल किंवा स्प्लिंट, न कळलेले हाड मोडणे, ही त्याची नेहमीची कारणे. ज्याला त्या बाजूची वेदना जाणवत नाही, त्याचे शरीर ती अशा प्रकारे ताठरपणातून व्यक्त करते. अशा वेळी गोळीचा डोस वाढवण्याआधी रुग्णाला नखशिखांत तपासायचे, लघवीची तपासणी करायची आणि कारण दूर करायचे. वाढलेला ताठरपणा बऱ्याचदा त्याबरोबरच उतरतो. पण ताठरपणाच्या जोडीला बोलण्यात नवा अडथळा, तोंड वाकडे होणे, नवी कमजोरी किंवा तीव्र डोकेदुखी दिसली तर तो नव्या झटक्याचा संशय समजून रुग्णाला वेळ न दवडता रुग्णालयात हलवावे लागते.

पहिल्या तीन महिन्यांत ताठरपणा नव्याने उद्भवण्याचा आणि वेगाने बदलण्याचा संभव सर्वांत जास्त असल्याने या काळात तपासणी दाट असावी लागते. नंतर अंतर वाढवता येते. मात्र स्नायू आखूड होण्याची क्रिया वर्ष उलटल्यावरही चालूच राहू शकते आणि ज्याचा हात अजिबात हलत नाही, त्याच्या बाबतीत तर ती अधिकच होते. बाधित हाताची मूठ इतकी मिटली की तळहात धुता येत नाही, नखे रुततात, कातडी सोलते, अशी वेळ कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, जेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या थांबलेल्या असतात. त्यामुळे प्रकृती स्थिर वाटणाऱ्या रुग्णाचेही कोन दर सहा महिन्यांनी मोजून जुन्या नोंदीशी ताडून पाहावे लागतात आणि सावकाश हालचालीचा कोन घटू लागल्याचे दिसताच स्प्लिंट व उपचार बदलावे लागतात.